ऑक्टेव्हियाचं मॅनिफोल्ड पोर्टिंग: साताऱ्याच्या एमआयडीसीत करून घेतलेलं काम

सकाळी थंड इंजिन सुरू केलं की बॉनेटखालून टिक-टिक-टिक. पवई नाक्यापर्यंत गाडी तापली की आवाज बंद. गाडी २००५ ची ऑक्टेव्हिया आरएस, १.८ टर्बो. दोघा मेकॅनिकांनी टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) सांगितले. तिसऱ्यानं टॉर्च मारून एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरमधला जळका गॅस टर्बोकडे नेणाऱ्या बिडाच्या नळ्यांच्या, गॅस्केटजवळची (सांध्यातल्या पत्रीजवळची) काजळी दाखवली. थंड असताना तिथून गॅस सुटतो, लोखंड तापून फुगलं की फट बुजते, म्हणून आवाज जातो.

मॅनिफोल्ड उतरवायचंच आहे तर पोर्टिंगही (नळ्यांची तोंडं आतून घासून सांध्याला जुळवणं) करून घ्यावं, हे बरेच दिवस डोक्यात होतं. एका मोठ्या शहरातल्या गॅरेजला फोन केला. त्यांनी गाडी न बघताच सांगितलं, आतून आरशासारखं पॉलिश करून देतो, वीस एचपी वाढेल. न बघता आकडा सांगणाऱ्याच्या हाती गाडी द्यायचं माझ्या मनाला पटेना. म्हणून साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका दोन शटरच्या वर्कशॉपमध्ये गेलो. तिथं मुख्य काम ट्रॅक्टर-ट्रकच्या हेडचं, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचं: फेसिंग (पृष्ठभाग सपाट करणं), व्हॉल्व्ह सीट, गाइड. पोर्टिंगचा बोर्ड नाही, पण मिस्त्रींच्या हाताबद्दल ऐकून होतो.

माझे वडील फाउंड्रीत मोल्डर होते. बिडाचं कास्टिंग आतून कसं असतं ते घरातच ऐकत वाढलो. कोअर (आतली पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा) जरा सरकला की एक भिंत जाड आणि दुसरी पातळ होते, सांध्यावर फ्लॅश (जादा धातूची धार) राहतो, आणि वरून बघणाऱ्याला यातलं काही कळत नाही. मिस्त्रींनीही सगळ्यात आधी तेच तपासलं. मॅनिफोल्ड धुऊन लाल डाय लावला, पुसला, वर पांढरी पावडर मारली. चीर असती तर लाल रेघ उमटली असती, ती उमटली नाही. मग फ्लँजवर (हेडला टेकणाऱ्या सपाट कडेवर) पट्टी उभी धरून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) सरकवला. मधोमध ०.३५ मिलिमीटरची पाती आरामात आत गेली. टिकटिकीचं मूळ हेच होतं, फ्लँज वाकली होती.

पुढचं काम बघायला मी स्टूल ओढून तिथंच बसलो. व्हाइसमध्ये धरलेल्या मॅनिफोल्डच्या तोंडांवर निळा रंग, त्यावर नवं गॅस्केट बोल्टनं पक्कं, आणि भोकाच्या कडेनं सुईनं रेघ. हेडच्या पोर्टचं (गॅस बाहेर पडायच्या भोकाचं) माप कागदावर वेगळं घेऊन आले होते. गॅस्केट काढल्यावर चित्र स्पष्ट झालं. पहिल्या तीन सिलिंडरांना रेघेच्या आत जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर बीड होतं. चौथ्याला मात्र एका बाजूनं जवळजवळ दोन मिलिमीटरची पायरी. हेडमधून सुटलेला गॅस इतकी वर्षं या पायरीवर आपटत होता.

मी म्हटलं, "मामा, चारही सरळ मोठे करून टाकूया की."

ग्राइंडर खाली ठेवून ते म्हणाले, "दादा, पाइपाच्या तोंडाला बोट लावलं की पाणी लांब जातंय. सगळं रुंद केलं तर धारच मरंल. मग टर्बो कशानं फिरायचा?"

पोर्टिंगची खरी मेख इथंच आहे. टर्बोचं चाक सिलिंडरमधून सुटणाऱ्या गॅसच्या धक्क्यांवर फिरतं. नळी गरजेपेक्षा रुंद केली की गॅसचा वेग पडतो आणि बूस्ट (टर्बोनं इंजिनात ढकललेली जादा हवा) उशिरा येतो. शिवाय भिंत पातळ झाली की बीड तापून-थंड होऊन तडकतं. म्हणून त्यांनी मॅनिफोल्डचं तोंड हेडच्या पोर्टपेक्षा केसभरच मोठं ठेवलं आणि पाऊण इंच आत निमुळतं नेऊन मूळ मापाला मिळवलं. तोंड थोडं मोठं असलं तर चालतं, लहान असेल तर ते वाटेत भिंतीसारखं आडवं येतं. टर्बोकडच्या तीन बोल्टच्या फ्लँजवरही हेच काम. मधल्या वळणात बर (ग्राइंडरचं दातेरी टोक) पोचतच नाही, आणि पोचवायचा हट्टही त्यांनी केला नाही. कार्बाइडच्या बरनंतर ८० नंबरच्या पेपरवर थांबले. आरसा कशाला, पहिल्या हजार किलोमीटरमध्ये काजळी बसणारच आहे.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते धुणं. आधी डिझेल, मग गरम पाणी आणि साबण, मग कॉम्प्रेसरची हवा. त्यानंतर फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक प्रत्येक नळीत फिरवून बाहेर काढलं, तर फडक्याला काळी मिशी फुटलेली. पुन्हा धुतलं, पुन्हा मिशी, आधीपेक्षा बारीक. चौथ्या वेळी फडकं कोरं निघालं, तेव्हा कुठे मॅनिफोल्ड बाजूला ठेवलं. टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. त्यावर बिडाचा एक कण आदळला तर पात्याचा टवका उडतो.

आता तक्रार. चार दिवसांचे नऊ झाले. उतरवताना हेडमधला एक स्टड (मॅनिफोल्ड धरून ठेवणारा आट्यांचा दांडा) तुटला. वीस वर्षांच्या गाडीत स्टड तुटतो, याबद्दल काही म्हणणं नाही. पण तो तुटल्याचं मला तीन दिवसांनी, मीच फोन केल्यावर कळलं. त्याच दिवशी सांगितलं असतं तर स्टडचा सेट मीच मागवला असता. काम इतकं चोख करणाऱ्यांनी गिऱ्हाइकाला एक फोन करायला हवा होता, आणि हे मी त्यांना समोर बसून सांगितलं.

बिल १६,५०० रुपये: पोर्टिंग ६,०००, फेसिंग १,२००, उतरवणं-बसवणं ५,०००, स्टड, नट आणि गॅस्केट ४,३००. कॅटलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) जागेवर आहे, आणि नंतर पीयूसीही काढून घेतलं.

फरक? टिकटिक पूर्ण गेली. यवतेश्वरच्या घाटात तिसऱ्या गिअरला वळणातून बाहेर पडताना पूर्वी २,७०० आरपीएमच्या आसपास गाडी ओढायला लागायची, आता २,४५० ला लागते. लॅपटॉप लावून एकाच चढावर आधी तीन वेळा आणि नंतर तीन वेळा बघितलं. यातला बराचसा वाटा लीक बंद झाल्याचा असणार, कारण टर्बोला मिळायचा तो गॅस आधी बाहेरच सुटत होता. वरच्या फेऱ्यांत मला काही जाणवलं नाही. तिथं अडवणूक मूळच्या छोट्या टर्बोचीच आहे. ताकद वाढवायला म्हणून जात असाल तर हे पैसे ठेवा. लीक असेल, मॅनिफोल्ड तसंही उतरणार असेल, तर मात्र जरूर करून घ्या, आणि आधी दिवस आणि फोन या दोन्ही गोष्टी पक्क्या ठरवून घ्या.

पाचशे किलोमीटरनंतर नट पुन्हा कसायला बोलावलं होतं. रात्रभर थंड झालेली गाडी सकाळी आठला नेली. मामांनी टॉर्क रेंच लावून एकेक नट बघितला. बाकीचे जागचे हलले नाहीत, चौथ्या सिलिंडरजवळचा एक पाव फेरा फिरला. पैसे विचारले तर हात पुसत म्हणाले, "आता दिवाळीनंतर एकदा दाखवून जा."