सर्व्हिसिंगचा प्रीपेड प्लॅन की दर वेळी बिल? आधी गाडीचं रनिंग बघा

नवी गाडी घेताना सह्या करायच्या टेबलावर इन्शुरन्स आणि एक्स्टेंडेड वॉरंटीच्या जोडीला सर्व्हिसिंगचा प्रीपेड प्लॅनही पुढे येतो. तीन किंवा पाच वर्षांच्या सर्व्हिसिंगचे पैसे आजच भरून टाका, नंतर दर वाढले तरी तुम्हाला झळ नाही, असा तो सौदा. ऐकायला चांगला वाटतो आणि काहींना तो खरोखर परवडतोही. पण तो तुम्हाला परवडेल का, हे गाडी वर्षाला किती आणि कशी धावते यावर अवलंबून आहे. म्हणून आधी सर्व्हिसिंग कधी करायचं ते ठरवू, प्लॅनकडे नंतर वळू.

किलोमीटर आणि महिने

पेट्रोल गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये साधारणपणे 10,000 किंवा 15,000 किमी अथवा 12 महिने, ‘जे आधी होईल ते’, असं लिहिलेलं असतं. यातले शेवटचे तीन-चार शब्दच सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतात. ‘गाडी चार हजारच चालली आहे, आत्ता कशाला ऑइल बदलायचं?’ असं म्हणून वर्षाचं सर्व्हिसिंग पुढे ढकललं जातं. कमी चालणारी गाडी बहुतेक वेळा छोट्या फेऱ्या मारत असते आणि ऑइलचं खरं नुकसान तिथेच होतं. इंजिन नीट तापायच्या आत बंद केलं, की ज्वलनातून आलेली वाफ आणि न जळलेलं इंधन ऑइलमध्ये मिसळतं, आणि ते उडून जाण्याइतकी उष्णता मिळतच नाही. त्यामुळे वर्षभर गल्लीबोळांतून 4,000 किमी फिरलेल्या गाडीचं ऑइल, मोकळ्या रस्त्यावर 12,000 किमी धावलेल्या गाडीच्या ऑइलपेक्षा वाईट अवस्थेत असू शकतं.

मॅन्युअलमध्ये बहुधा दुसराही एक तक्ता असतो, कठीण वापराचा. धुळीचे रस्ते, सततची गर्दी, तासन्‌तास चालू ठेवलेलं उभं इंजिन, छोट्या फेऱ्या, जास्त ओझं. या तक्त्यात ऑइल बदलण्याचं अंतर पुष्कळदा निम्म्यावर येतं. शहरात रोज गाडी काढणाऱ्यांपैकी कितीतरी जण याच तक्त्यात बसतात. तो आवर्जून वाचा, कारण प्लॅनचा हिशेब इथेच फिरतो.

डिझेल गाडी असेल तर आणखी एक गोष्ट. एक्झॉस्टमधल्या फिल्टरमध्ये साचलेली काजळी जाळण्यासाठी अनेक इंजिनं जादा डिझेल सोडतात. गाडी मध्येच बंद झाली की ही क्रिया अर्धवट राहते आणि त्यातलं काही डिझेल ऑइलमध्ये उतरतं. सपाट जागी, इंजिन थंड असताना डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी काडी, काढून पुसा, परत घालून बघा. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल आणि काडीला डिझेलचा वास येत असेल, तर ऑइल पातळ झालंय. मग सर्व्हिसिंगची तारीख लांब असली तरी ऑइल तेव्हाच बदलायचं.

ब्रेक फ्लुइडला मात्र किलोमीटरशी फारसं देणंघेणं नाही. ते हवेतली ओल शोषत राहतं. डॉट 4 दर्जाच्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, ओल शोषल्यावरची किमान मर्यादा आहे 155 अंश. लांब घाट उतरताना ब्रेक तापतात, आणि फ्लुइड उकळलं तर ब्रेक नीट लागत नाहीत; तेव्हा हा फरक जीवघेणा ठरू शकतो. म्हणून बऱ्याच कंपन्या ते दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात. इलेक्ट्रिक गाडीला इंजिन ऑइल नाही, पण ब्रेक फ्लुइड, कूलंट आणि केबिन फिल्टर तिलाही आहेतच.

प्लॅनमध्ये नेमकं काय मिळतं

ठरलेली सर्व्हिसिंग, त्यांचं लेबर, ऑइल आणि वेळापत्रकात लिहिलेले फिल्टर, एवढं बहुतेक प्लॅनमध्ये असतं. ब्रेक पॅड, क्लच, वायपर, बॅटरी, टायर, अलाइनमेंट यांतलं पुष्कळसं साध्या प्लॅनच्या बाहेर राहतं. महागड्या प्लॅनमध्ये झिजणारे भाग धरलेले असतात, तेही संख्येची मर्यादा घालून. आणि प्लॅन म्हणजे वॉरंटी नव्हे. एसीचा कॉम्प्रेसर बंद पडला तर हा प्लॅन कामाचा नाही.

वेळापत्रकाचा तक्ता जवळून बघा. प्रत्येक ओळीत काही ठिकाणी ‘तपासा’ असतं, काही ठिकाणी ‘बदला’. प्लॅनचे पैसे सहसा ‘बदला’ जिथे आहे तिथेच लागू पडतात. समजा 20,000 किमीला एअर फिल्टरपुढे ‘तपासा’ लिहिलंय आणि धुळीमुळे तो गच्च भरलाय, तर नवा फिल्टर तुमच्या खिशातून. निम्म्या अंतरावर करायचं जादा ऑइलही तसंच. म्हणजे ज्याची गाडी सगळ्यात जास्त राबते, त्याला प्लॅन घेऊनही मधली बिलं भरावीच लागतात. माझ्या मते विकणाऱ्याने ही गोष्ट आपणहून सांगायला हवी, पण ती विचारल्याशिवाय क्वचितच कळते.

आता 5 वर्षे किंवा 50,000 किमीचा प्लॅन धरून चालू.

वर्षाला 5,000 किमी चालवणाऱ्याला पाच वार्षिक सर्व्हिसिंग मिळतील, पण गाडी 25,000 किमीच चाललेली असेल. स्पार्क प्लगसारखी किलोमीटरवर बांधलेली मोठी कामं 40,000 ला असतील, तर ती प्लॅनच्या मुदतीत येणारच नाहीत, आणि किंमत मात्र ती धरूनच काढलेली असू शकते. अशांनी दर वेळी बिल भरणं बरं.

वर्षाला 25,000 किमी धावणाऱ्याचा प्लॅन दोन वर्षांत संपतो. सर्व्हिसिंग सगळी वापरली जातात, वाया काही जात नाही. पण दरवाढीपासून संरक्षण हा जो मोठा फायदा सांगितला जातो, तो दोन वर्षांत कितीसा मिळणार? त्याने एकरकमी सवलत किती, एवढंच बघावं.

वर्षाला 10,000 च्या आसपास रनिंग, वापर सौम्य, गाडी पाच वर्षं ठेवायची हे नक्की आणि अधिकृत वर्कशॉप जवळ, अशा माणसाने प्लॅन घ्यायला हरकत नाही. खर्च आधीच ठरलेला असतो, सर्व्हिसिंग चुकत नाही आणि नोंदी एकाच ठिकाणी राहतात. वॉरंटीचा दावा करताना आणि गाडी विकताना त्या नोंदी उपयोगी पडतात.

किंमत तपासायची तर वर्कशॉपकडून पाचही सर्व्हिसिंगचा आजचा अंदाज वेगवेगळा लिहून घ्या. सुरुवातीच्या सर्व्हिसिंगचं लेबर कंपनी तसंही मोफत देत असेल, तर ते वजा करा. उरलेली बेरीज आणि प्लॅनची किंमत शेजारी ठेवा. फरक किरकोळ असेल तर पैसे स्वतःकडेच ठेवलेले चांगले. प्लॅनची रक्कम गाडीच्या कर्जात घालू नका, नाहीतर पाचव्या वर्षीच्या ऑइलवर आजपासून व्याज भरत बसाल.

दर वेळी बिल भरण्यातही जोखीम आहे. इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग अशी वेळापत्रकात नसलेली कामं जॉब कार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या कामांच्या यादीवर, हळूच चढतात. प्लॅन असला तरी ती चढतातच, तेव्हा दोन्हीकडे सही करण्याआधी मॅन्युअलचा तक्ता हातात असू द्या. बाहेरच्या गॅरेजमध्ये जाणार असाल तर वॉरंटीच्या अटी आधी वाचा, आणि बिलावर ऑइलचा ग्रेड, दर्जा, तारीख आणि किलोमीटर लिहून घ्या.

प्लॅन घ्यायचं ठरलंच, तर तीन गोष्टी लेखी मागा: गाडी विकली तर तो नव्या मालकाच्या नावावर होतो का, गाडी चोरीला गेली किंवा अपघातात पार निकामी झाली तर उरलेले पैसे परत मिळतात का, आणि गाव बदललं तर तिथल्या वर्कशॉपमध्ये तो चालतो का. दोन-तीन वर्षांत गाडी विकायचा विचार असेल आणि पहिल्याच प्रश्नाला ‘नाही’ उत्तर आलं, तर प्लॅन घेऊ नका.