डीसीसी-ईएक्स : छोट्या लेआउटला पुरते, पण अडॅप्टर बघून घ्या

नागपूरच्या मोतीबागेतल्या रेल्वे संग्रहालयातली अडीच फुटी गेजची गाडी १:८७ म्हणजे एचओ प्रमाणात, मॉडेल म्हणून करायची तर रूळ ९ मिलिमीटरचे लागतात, म्हणजे एन या त्याहून लहान स्केलचेच. इंजिन इवलेसे, करंटही थोडा. अशा चार बाय अडीच फुटांच्या लेआउटसाठी, म्हणजे रुळांच्या मांडणीसाठी, ब्रँडेड डिजिटल (डीसीसी) संचावर पैसे घालवायचे कारण नाही. डीसीसीत रुळातूनच प्रत्येक इंजिनाला त्याच्या नंबरवर वेगळी आज्ञा जाते. त्यासाठी डीसीसी-ईएक्स हे मोफत सॉफ्टवेअर, ते चालवणारा आर्डुइनो मेगा २५६० हा छोटा बोर्ड आणि त्यावर बसून रुळाला वीज देणारी एल२९८ चिपची आर३ मोटर शील्ड एवढ्यावर काम भागते. मेगा आणि अडॅप्टरसाठी नागपुरात बर्डीतली (सीताबर्डीतली) इलेक्ट्रॉनिक्सची दुकाने आधी पालथी घाला. इंजिनात बसून आज्ञा ओळखणारा डीकोडर मात्र ऑनलाइनच मागवावा लागतो.

सॉफ्टवेअर चढवणे अगदी सोपे आहे. ईएक्स-इन्स्टॉलरमध्ये बोर्ड आणि शील्ड निवडली की दहा मिनिटांत मोकळे. डोकेदुखी आहे ती विजेची.

एल२९८ जुनी चिप आहे, दीड-दोन व्होल्ट स्वतःच खाते. सीसीटीव्हीचा १२ व्होल्टचा अडॅप्टर लावला तर रुळावर जेमतेम १० उरतात. गाडी धावते, पण दिवे मंद आणि वेग कमी. एन स्केलला १४ व्होल्ट घ्या, एचओला १५-१६. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर घरात पडून असला तरी लावू नका. शील्डच्या पोटाशी ‘व्हीआयएन कनेक्ट’ अशी बारीक पट्टी असते, ती ब्लेडने कापा. ती राहिली तर रुळाची वीज थेट मेगात शिरते आणि १२ व्होल्टच्या वर बोर्ड जायची भीती असते. पट्टी कापल्यावर मेगाला यूएसबी किंवा ७-९ व्होल्टची वेगळी वीज द्यायची. वायफायसाठी ईएसपी-०१ हे छोटे मॉड्यूल मेगाच्या ३.३ व्होल्ट पिनवर थेट जोडू नका, तेवढा करंट तिथून निघत नाही. वायफाय मधेच तुटते ते यामुळेच.

शील्डचे ए आउटपुट मुख्य रुळाला, बी आउटपुट प्रोग्रॅमिंगच्या, म्हणजे इंजिनाला नंबर देण्याच्या वेगळ्या रुळाच्या तुकड्याला. रुळाला वीज जोडायच्या जुन्या डीसी पॉवर क्लिपमध्ये कपॅसिटर असतो, तो काढून टाका, नाहीतर सिग्नल बिघडतो. मग रुळाच्या दर तीन फुटांवर नाणे आडवे ठेवून पाहा. वीज तत्काळ तुटली पाहिजे. तुटली नाही तर वायर बारीक आहे: शॉर्ट झाले तरी करंट मर्यादेपर्यंत चढत नाही आणि वायर मात्र तापत राहते.

डीकोडरची लाल-काळी वायर रुळाकडून येते, नारिंगी-करडी मोटरला जाते. जोडण्याआधी मल्टिमीटरच्या बझरवर मोटरचे दोन्ही ब्रश चासीपासून सुटे आहेत ना, हे तपासा. एक जरी टेकत असला तर डीकोडर पहिल्याच झटक्यात जळतो. कोरा डीकोडर ३ नंबरवर येतो. नवा नंबर लिहिताना ‘फेल’ दिसले तरी लगेच वैतागू नका. उत्तर म्हणून मोटरने ६० मिलिअँपियरचा ठोका द्यायचा असतो आणि एनच्या बारीक मोटरी तो देत नाहीत. बहुतेकदा नंबर लिहिला गेलेला असतो. ही मर्यादा सीरियल मॉनिटरवरून, म्हणजे संगणकावरून मेगाला आज्ञा टाइप करून, खाली आणता येते.

गाडी चालवायला फोनवरचे ‘इंजिन ड्रायव्हर’ ॲप छान चालते. उणे बाजू म्हणजे हातात धरायचा नॉब नाही, आणि शील्ड एका आउटपुटला २ अँपियरच देते. एनची तीन-चार इंजिने ठीक. आवाजाची एचओ इंजिने जास्त असतील तर वेगळा, मोठा मोटर ड्रायव्हर घ्या. मे महिन्यात एल२९८ वर छोटा पंखा हवाच.

शिवाय नागपुरातल्या जानेवारी-मेच्या तापमानाच्या फरकात, म्हणजे साधारण ३० अंशांत, एक मीटर रूळ अर्धा मिलिमीटर वाढतो. सांध्यांत तेवढी फट ठेवा आणि रूळ जोडणाऱ्या जॉइनरच्या भरवशावर न राहता प्रत्येक तुकड्याला वीज पोचवणारी स्वतंत्र फीडर वायर डाग देऊन जोडा.