सेकंडहँड डुकाटीत माझे 8,92,900 कसे गेले : मराठवाड्यातल्या बाईकवाल्यांनी टोकन द्यायच्या आधी वाचा

डुकाटी असो, अप्रिलिया असो, नाहीतर एमव्ही अगुस्टा. आपल्या भागातल्या कुठल्याही ‘प्रीमियम बाईक्स’वाल्याकडून जुनी इटालियन गाडी घ्यायच्या बेतात असाल, तर आधी चासी नंबर मागा आणि तो कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपला कळवून गाडीचा सर्व्हिसचा इतिहास विचारा. नंबर द्यायला कुणी कां-कू केलं की तिथून उठा. चहासुद्धा घेऊ नका.

मी लातूर जिल्ह्यातला. कृषी सेवा केंद्र चालवतो. गाड्यांतलं मला काही कळत नाही असं कुणी म्हणू नये. शिकायला छत्रपती संभाजीनगरला होतो, नंतर वाळूजला नोकरी केली, बुलेट स्वतः खोलून बसवलेली आहे. डुकाटीची मॉन्स्टर घ्यायची हे तेव्हापासून डोक्यात होतं. 2018 ला मॉन्स्टर 821 नव्या रूपात आली तेव्हा एक्स-शोरूम 9 लाख 51 हजार होती. तेवढे पैसे तेव्हा नव्हते. 2024 च्या दसऱ्याच्या तोंडावर आमच्याच विभागातल्या एका मोठ्या शहरात तीच गाडी, तोच लाल रंग, 2018 चं मॉडेल, मीटरला 14,200 किलोमीटर, अशी जाहिरात दिसली. मागणी 6,10,000. घासाघीस करून 5,85,000 वर तुटलं.

पैसे कसे दिले तेही सांगतो, कारण पुढे सगळं तिथेच अडलं. 51,000 टोकन यूपीआयने. 4,00,000 आरटीजीएसने. उरलेले 1,34,000 रोख, कारण शोरूमवाला म्हणाला, “भाऊ, मूळ मालकाला तेवढे हातात द्यायचेत, त्याच्या घरी लग्न आहे.” रोखीची पावती “संध्याकाळी व्हॉट्सॲपवर टाकतो” म्हणाला, ती आजपर्यंत आलेली नाही. बिल 4,51,000 चंच झालं. रोख मागणारा माणूस कितीही गोड बोलू दे, एक रुपया रोख देऊ नका.

वर सर्व्हिसचे 46,500. इथे खरी मेख आहे. इटालियन गाडीवाल्यांना हे नवीन नाही, पण जे पहिल्यांदाच घेणार आहेत त्यांच्यासाठी लिहितो. आपल्या रोजच्या गाड्यांत व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी झडप, स्प्रिंगने बंद होतो. डुकाटीच्या डेस्मो इंजिनात तो बंद करायलाही वेगळा रॉकर, म्हणजे ढकलणारी छोटी दांडी, असतो. त्यामुळे प्रत्येक व्हॉल्व्हचं उघडण्याचं आणि मिटण्याचं अशी दोन क्लिअरन्स (फटी) मोजावी लागतात. 821 ला दोन सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह, म्हणजे सोळा मापं. शिवाय कॅम (व्हॉल्व्ह हलवणारा दांडा) फिरवायला रबरी दातेरी बेल्ट असतात, दोन. ही मापं तपासायची डेस्मो सर्व्हिस 821 ला 30,000 किलोमीटरला असते. बेल्ट 30,000 किलोमीटर किंवा 5 वर्षं, यातलं जे आधी येईल तेव्हा बदलायचे. गाडी नुसती उभी असली तरी रबराचं वय होतंच. बेल्टचे दात गेले की कॅमची आणि पिस्टनची वेळ चुकते, पिस्टन येऊन व्हॉल्व्हवर आदळतो. मग इंजिन खोलण्याशिवाय गत्यंतर नाही.

हे सगळं मला माहीत होतं. म्हणून तर मी स्वतः विचारलं की 2018 ची गाडी आहे, बेल्ट कधी बदलले? शोरूमवाला म्हणाला, “आपला मेकॅनिक मुंबईला डुकाटीतच होता. बेल्ट, डेस्मो, ऑइल सगळं करून देतो. कंपनीत 70 घेतात, तुम्ही साडेसेहेचाळीस द्या.” पैसे मेकॅनिकच्या खासगी नंबरवर पाठवले. आदल्या दिवशी दुपारी सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी तयार. सर्व्हिस बुकात बेल्ट बदलल्याचा शिक्का, तारीख, सही.

आता त्या क्षणाबद्दल लिहितो. रात्री झोप मोडते ती यामुळेच. टूलकिट दाखवायला त्यानं चावीनं सीट उघडली. खालच्या ट्रेच्या कडेला ऑइल बदलल्यावर गॅरेजवाले लावतात तसला छोटा पांढरा स्टिकर होता. अर्धा खरवडलेला. काळ्या मार्करनं ‘पुढील ऑइल’ आणि त्याखाली 32 आणि पुढे काहीतरी पुसलेलं. मीटरला 14,200 असलेल्या गाडीचं पुढचं ऑइल 32 हजाराला कसं? मी बोट ठेवून विचारलं. तो क्षणभरही अडखळला नाही. “ही सीट दुसऱ्या मॉन्स्टरची आहे शेठ, हिची फाटली होती.” आणि सीट खटकन लावली. अहो, स्टिकर सीटला नव्हता! स्टिकर गाडीच्या ट्रेला होता! सीट बदलली म्हणून ट्रेवरचा स्टिकर कुठून येईल? ही गोष्ट मला दोन महिन्यांनी रात्री अंथरुणात पडल्यावर सुचली. तिथे उभं असताना समोर लाल टाकी चकाकत होती, सोबत मित्र होता, मागे दुसरं गिऱ्हाईक हजार रुपये जास्त द्यायला तयार म्हणून उभं होतं (तो त्यांचाच माणूस होता हे आता कळतं), मेकॅनिक गाडी रेस करून दाखवत होता. अशा गोंधळात कुणाच्याही लक्षात आलं नसतं, हे मी आजही ठामपणे सांगतो. मी विचारलं होतं. विचारणाऱ्याच्या तोंडावर जो इतक्या सहज खोटं बोलतो, त्याच्यापुढे साधा माणूस काय करणार?

दुसरीही एक खूण होती. इंजिनाच्या बाजूला बेल्टची काळी कव्हरं दिसतात. त्यांच्या स्क्रूंच्या खाचांत तीच जुनी, घट्ट बसलेली धूळ होती. काल ज्यांनी कव्हर उघडलं, त्यांच्या पान्याला ती लागली नाही? गाडी घेताना मोबाईलचा टॉर्च लावून हे स्क्रू बघा. आणि डेस्मोचं काम एका रात्रीत झालं असं कुणी म्हटलं तर काढलेल्या टाकीचे, एअरबॉक्सचे, उघड्या इंजिनाचे फोटो मागा. जुने बेल्ट हातात मागा. चांगला मेकॅनिक ते न मागता देतो.

थंडीभर गाडी चालली. काय चालली म्हणून सांगू! औशाच्या रस्त्याला पहाटे काढायचो तेव्हा त्या आवाजानं अंगावर काटा यायचा. फेब्रुवारीत मावसभावाच्या लग्नाला पुण्याला निघालो. मुरूड ओलांडून येडशीकडे जाताना पुढच्या सिलिंडरकडून कडकड असा आवाज आला आणि इंजिन बंद. परत स्टार्टर मारला नाही, तेवढं तरी सुचलं. बायको मागे बसलेली होती. मागून ऊसाचा ट्रॅक्टर येत होता. दोन ट्रॉल्यांचा. त्यानं बाजूनं काढला म्हणून आम्ही आहोत. पैशाचं एक वेळ सोडा, ज्यांनी हा खोटा शिक्का मारला त्यांनी दोन माणसांचा जीव धोक्यात घातला होता, आणि हे मी कुठल्याही खिडकीवर बोललो की समोरचा घड्याळाकडे बघतो.

मराठवाड्याच्या 8 जिल्ह्यांत डुकाटीचं एकही अधिकृत वर्कशॉप नाही. ज्या वाळूजमध्ये बजाजचा एवढा मोठा कारखाना, तिथेही नाही. आपण पुण्याला नाहीतर हैदराबादला जायचं. या लोकांचा सगळा धंदा या अंतरावर उभा आहे. गिऱ्हाईक गाडी तीनशे किलोमीटर नेऊन तपासून आणणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत असतं. मी पिकअप करून गाडी पुण्याला नेली, 14,000 लागले. अधिकृत वर्कशॉपनं चासी नंबर टाकला आणि पाच मिनिटांत सगळं बाहेर आलं. त्यांच्याकडची शेवटची नोंद 2021 ची, किलोमीटर 27,640. म्हणजे मीटर मागे फिरवलेलं. बेल्ट कारखान्यातून आलेले तेच, 2018 चे. आडव्या, म्हणजे पुढच्या, सिलिंडरच्या बेल्टचे दात गेलेले, चारही व्हॉल्व्ह वाकलेले, पिस्टनवर वार. ऑइलही पातळ आणि काळं. या इंजिनाला 15डब्ल्यू-50 या घट्टपणाचं ऑइल लागतं, आत काय होतं ते सांगायला तिथला मेकॅनिक धजेना. दुरुस्तीचा अंदाज 2,38,400.

गाडी 5,85,000. सर्व्हिस 46,500. नाव बदलायचं म्हणून एजंटला 9,000. पिकअप 14,000. दुरुस्ती 2,38,400. एकूण 8,92,900. यात 2018 ची नव्या गाडीची एक्स-शोरूम किंमत जवळजवळ निघाली असती.

आता सरकारी दारांची कथा. शोरूमवाल्यानं आधी फोन उचलला, “वापरलेल्या गाडीला वॉरंटी नसते” म्हणाला, मग नंबर ब्लॉक केला. पोलिसांकडे गेलो. माझ्या भागातल्या ठाण्यात सांगितलं, व्यवहार तिकडे झाला, तिकडे जा. तिकडच्या ठाण्यात सांगितलं, तुम्ही राहता तिकडे द्या, आणि तसाही हा दिवाणी मामला आहे. मी म्हटलं, मीटर फिरवणं आणि खोटा शिक्का मारणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचंच आहे ना? हद्द कुठलीही असो, गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते असं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये लिहिलंय ना? तर हवालदार म्हणतात, “तुम्ही वकील आहात का?” माझा तक्रारअर्ज घेतला, पोचेचा शिक्का द्यायला मात्र साहेब नव्हते. परत गेलो तर साहेब बंदोबस्ताला. परत गेलो तर अर्ज सापडेना. मी दुसरी प्रत दिली. त्यावर मला सल्ला दिला गेला की एवढी महागाची गाडी घ्यायची कशाला, आपल्या रस्त्यांवर चालते का ती? हा सल्ला द्यायला त्यांना पगार मिळतो का?

सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला फोन केला. ते म्हणाले हे ऑनलाइन फसवणुकीसाठी आहे, तुम्ही स्वतः जाऊन गाडी बघून घेतलीत. बँकेनं तेच सांगितलं, आरटीजीएस तुमच्या मर्जीनं झालंय. ग्राहक हेल्पलाइन 1915 ला तक्रार नोंदली गेली, नंबर मिळाला, पुढे त्यांनी ती शोरूमला पाठवली आणि शोरूमनं उत्तर दिलं नाही, म्हणून तक्रार बंद! उत्तर न देणाऱ्याचं काहीच बिघडत नाही.

आरटीओचं तर वेगळंच. एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याला नोंदणी प्राधिकाऱ्याचं अधिकृतता प्रमाणपत्र लागतं, नमुना 29बी. मी खिडकीवर विचारलं, या शोरूमला ते आहे का? खिडकीवरच्या बाईंनी शेजारच्याला विचारलं, शेजारच्यानं आतल्याला. शेवटी सांगितलं, लेखी अर्ज करा. लेखी अर्ज केला. उत्तर आलं, माहिती अधिकारात मागा. ज्या कागदानं माझ्यासारख्याला आधीच सावध करता आलं असतं, तो कागद कुणाकडे आहे आणि कुणाकडे नाही हे सांगायला सरकारला माहिती अधिकार लागतो? ही यादी बाहेर फलकावर लावायला काय जातं? तुम्ही मात्र शोरूममध्ये पाऊल टाकल्या टाकल्या 29बी मागा. भिंतीवर नसेल तर गाडी बघूच नका. आरसीवरचा मालकी क्रमांकही बघा. मला ‘सेकंड ओनर’ सांगितलेली गाडी कागदावर तिसऱ्याची निघाली, आणि ते मी नाव बदलताना पाहिलं.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. 2019 च्या कायद्यानुसार ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, दुसऱ्या शहरात खेटे मारावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची आहे, ती जाऊ देऊ नका. कागदावर मोबदला 5 लाखांच्या आत असल्यामुळे फी लागली नाही. म्हणजे ते रोखीचे 1,34,000 इथेही मोजले जाणार नाहीत. वर्कशॉपचा लेखी अहवाल, बेल्टचे फोटो, सर्व्हिस बुक, यूपीआयचे पुरावे सगळं जोडलंय. शोरूमला काढलेली नोटीस ‘पत्त्यावर मिळून आले नाहीत’ म्हणून परत आली. दुकान तिथेच आहे, पाटी बदललीय. नवी पाटी, तोच माणूस, तेच सोफे. आता नव्या नावानं पुन्हा नोटीस काढायला अर्ज दिलाय.

गाडी अजून पुण्यालाच आहे, टाकी उतरवलेली. वडील रोज विचारायलेत, “कवा येनार रं तुजी गाडी?” त्यांना आकडा सांगितलेला नाही. त्यांच्या सोयाबीनच्या दोन वर्षांच्या पैशाहून तो मोठा आहे.

त्या नव्या पाटीवाल्यानं परवा डुकाटीचीच एक पिवळी स्क्रॅम्बलर 800 विकायला टाकलीय. मीटर 9,800, किंमत 4,90,000, ‘बेल्ट नवे, सर्व्हिस नुकतीच झाली’. स्क्रॅम्बलरचे व्हॉल्व्ह तर दर 12,000 किलोमीटरला तपासावे लागतात, म्हणजे मीटर बरोबर त्या आकड्याच्या आत थांबवलंय. कुणी ती बघायला निघाला असाल तर सीट उघडून ट्रे नीट बघा, आणि पैसे काढायच्या आधी चासी नंबर पुण्याला कळवा.