घरच्या बास्केटमध्ये सहा महिने : 'कंपोस्टेबल' कचरा-पिशव्यांचा अनुभव

ओल्या कचऱ्याच्या बादलीत अंथरायच्या 'कंपोस्टेबल' पिशव्यांचा तीस नगांचा एक रोल मी गेल्या दसऱ्याच्या सुमारास पुण्यात विकत घेतला. साध्या काळ्या पिशव्यांपेक्षा तो बराच महाग होता, पण आमच्या बाल्कनीत खताची बास्केट असल्यामुळे कचऱ्यासकट पिशवीचीही माती होईल, या एकाच आशेने मी तो घेतला.

पिशवी म्हणून तिच्याबद्दल फारशी तक्रार नाही. ती हाताला मऊ लागते, शिवण पक्की आहे आणि भाजीची देठे-साले भरून उचलली तरी फाटत नाही. मात्र चहाचा चोथा किंवा कलिंगडाच्या साली असल्या, तर दुसऱ्या दिवशी तिचा तळ ओलसर होऊन पाझरू लागतो, म्हणून ती रोजच्या रोज रिकामी करावी लागते.

खरी परीक्षा बास्केटमध्ये झाली. पिशव्या कात्रीने बारीक कापून, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि खताच्या विरजणाच्या, म्हणजे कचरा कुजवणाऱ्या जीवाणूंच्या मिश्रणाच्या, थरांमध्ये घालून मी नेहमीसारखे खालीवर करत राहिले. केळीची साले आणि मेथीच्या काड्या काही आठवड्यांतच ओळखू येईनाशा झाल्या. पण सहा महिन्यांनी खत चाळले तेव्हा चाळणीवर फिकट हिरव्या पट्ट्यांचा पुंजका उरला. चिमटीत धरून ओढल्यावर पट्टी सहज तुटत होती, म्हणजे ती कमजोर झाली होती. पण नाहीशी झाली नव्हती, आणि असे खत कढीपत्त्याच्या कुंडीत घालायला माझे मन धजले नाही.

याचे कारण समजून घेतल्यावर पिशवीपेक्षा पाकिटावरच्या मजकुराचा राग जास्त आला. अशा प्लॅस्टिकसाठी आपल्याकडे आयएस १७०८८ हे मानक लागू आहे आणि त्यातली विघटनाची मुख्य चाचणी सुमारे ५८ अंश सेल्सिअसला होते. त्या उष्णतेत १८० दिवसांच्या आत पदार्थातील ९० टक्के कार्बनचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर व्हावे लागते. मोठ्या प्रकल्पातल्या ढिगात एवढी उष्णता आठवडेच्या आठवडे टिकते. घरची बास्केट मात्र सकाळी हात घातला तर कोमट लागते आणि दोन दिवसांत पुन्हा थंड पडते. पाकिटावर 'मातीत मिसळून जाते' हे शब्द ठळक आहेत, आणि औद्योगिक कंपोस्टिंगचा उल्लेख मागच्या बाजूला, चष्मा लावूनच वाचता येईल इतक्या बारीक अक्षरांत आहे. 'मक्यापासून बनवलेली' हे वर्णनही अपुरे वाटते, कारण अशा पिशव्यांमध्ये बहुधा पिष्टाबरोबर पीबीएटी नावाचे बहुवारिक (पॉलिमर), म्हणजे एक प्रकारचे प्लॅस्टिक, असते. त्याचे विघटन होत असले, तरी ते प्रामुख्याने खनिज तेलापासूनच तयार होते.

मग ती सुक्या कचऱ्यात द्यावी, असा विचार करून मी एक धुतलेली पिशवी कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंना दाखवली. त्यांनी ती दोन बोटांत चोळली, थोडी ताणली आणि म्हणाल्या, "दुधाची पिशवी द्या, तिला भाव आहे. ह्या मालाला कुणी विचारत नाही." पॉलिथिनच्या मालात अशा पिशव्या मिसळल्या तर वितळवून केलेल्या दाण्यांचा दर्जा बिघडतो, आणि त्या नुसत्या डोळ्यांनी वेगळ्या ओळखणे सोपे नसते. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करते आणि विकण्याजोगा सुका माल हा त्या वेचकांच्या कमाईचा भाग असतो. आपल्या चांगल्या हेतूने घेतलेल्या वस्तूचा भुर्दंड त्यांना पडावा, हे मला अजिबात पटत नाही.

ज्या सोसायटीचा किंवा उपाहारगृहाचा ओला कचरा अशा पिशव्या स्वीकारणाऱ्या मोठ्या खत प्रकल्पात जातो, तिथे त्या उपयोगाच्या ठरतील. घरच्या बास्केटसाठी मात्र मी त्यांची शिफारस करणार नाही आणि पुन्हा घेणारही नाही. आता बादलीच्या तळाशी वर्तमानपत्राचे दोन कागद घडी घालून ठेवते. ते कचऱ्याबरोबरच बास्केटमध्ये जातात आणि लवकर कुजतात. रोलमधल्या अकरा पिशव्या अजून शिल्लक आहेत. चाळणीवरच्या पट्ट्या मी परत बास्केटच्या तळाशी घातल्या आहेत, आणि पावसाळा संपला की त्या थराचे खत पुन्हा चाळून पाहणार आहे.