आय7 आणि विंडोज 11 या नावाखाली विकला गेलेला दहा वर्षे जुना संगणक

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपणार हे आधीच जाहीर झालेले होते, म्हणून त्या वर्षीच्या उन्हाळ्यात ताईसाठी संगणक घेताना आमची मागणी एकच होती. ती घरी बसून लहान व्यापाऱ्यांचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रे करते; तेव्हा पुढची पाच-सहा वर्षे नवी सॉफ्टवेअर चालतील आणि सुरक्षा अपडेट मिळत राहतील, असा संगणक तिला हवा होता. पुण्यातल्या एका दुकानदाराने हे सगळे नीट ऐकून घेतले, आय7 प्रोसेसर, 16 जीबी रॅम, 512 जीबी एसएसडी आणि विंडोज 11 असा संच जुळवून दिला आणि तो नवाकोरा असल्याचे सांगितले.

कॅबिनेट, एसएसडी आणि कीबोर्ड खरोखरच नवे होते. आतला प्रोसेसर मात्र आय7-6700, म्हणजे 2015 साली बाजारात आलेला, सहाव्या पिढीचा होता. विंडोज 11 साठी मायक्रोसॉफ्टने इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर मान्य केले आहेत आणि सातव्या पिढीतले मोजकेच त्यात बसतात. म्हणजे 2022 सालचा साधा आय3-12100 त्या यादीत आहे आणि ‘वरचा’ म्हणून आम्हाला विकलेला आय7 नाही. पिढी कळते ती आडव्या रेषेनंतरच्या क्रमांकावरून: 6700 मध्ये 6, 12100 मध्ये 12. नुसते ‘आय7’ सांगणाऱ्याने खरे तर काहीच सांगितलेले नसते.

अशा संगणकावर विंडोज 11 बसवता येते, कारण इन्स्टॉल करतानाची तपासणी वगळण्याच्या युक्त्या दुकानदारांना ठाऊक असतात. फसवणूक लगेच लक्षात येत नाही तीही यामुळेच. संगणक वेगाने चालतो आणि दरमहाची अपडेटही येतात. आमच्या संगणकावर विंडोज 11 ची 23एच2 ही आवृत्ती होती. तिच्या होम आणि प्रो प्रकारांचा सपोर्ट 11 नोव्हेंबर 2025 रोजी संपला, आणि पुढची आवृत्ती मागितली तेव्हा हा संगणक विंडोज 11 च्या अटी पूर्ण करत नाही, असा संदेश ताईच्या समोर आला. जबरदस्तीने पुढची आवृत्ती पुन्हा बसवता येईल. पण अशा संगणकांना अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि लोकांची आर्थिक कागदपत्रे तशा संगणकावर ठेवणे ताईला मान्य नाही.

आम्ही दुकानात गेलो तेव्हा दुकानदाराने टीपीएम 2.0 (विंडोज 11 ला लागणारी सुरक्षेची सोय) सुरू असल्याचे पडद्यावर दाखवले आणि यापेक्षा आणखी काय लागते, असे विचारले. हे अर्धसत्य फार घातक आहे. त्या काळातल्या अनेक मदरबोर्डांवर टीपीएम 2.0 मिळते, पण ती अनेक अटींपैकी एक अट आहे. प्रोसेसर यादीत नसेल तर तिचा काहीच उपयोग नाही. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत ॲप मुख्य अटी एकत्र तपासते. पैसे देण्याआधी ते दुकानातच चालवून पाहावे आणि टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचे पूर्ण नाव वाचावे.

जुना माल नवा म्हणून विकणे ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे; जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि दिलेली किंमत 5 लाख रुपयांपर्यंत असेल तर त्यासाठी शुल्कही नाही. आमची अडचण बिलाची झाली, कारण त्यावर फक्त ‘आय7 संगणक संच’ एवढेच लिहिलेले आहे. सुदैवाने खरेदीपूर्वी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या कोटेशनमध्ये दुकानदाराने स्वतः ‘नवीन’ असे लिहिले होते, आणि तेच तक्रारीला जोडले आहे.

हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यानंतर बोर्ड आणि प्रोसेसर बदलून देण्याची तयारी त्याने दाखवली. नव्या बिलावर दोन्हींचे मॉडेल क्रमांक लिहून द्यायला मात्र तो अजूनही तयार नाही, म्हणून आम्ही बदली नाकारून पूर्ण रक्कम परत मागितली आहे.