दुबईचं अ‍ॅक्वेरियम की अबू धाबीचं सीवर्ल्ड?

दुबईची सहल ठरली आणि घरात लहान मुलं असली की ही दोन नावं निघतातच: दुबई मॉलमधलं दुबई अ‍ॅक्वेरियम आणि अबू धाबीत यास बेटावरचं सीवर्ल्ड, म्हणजे सागरी प्राण्यांचं थीम पार्क. दोन्हींची तिकिटं काढायची गरज नाही. एक तासाभराचं काम आहे, दुसऱ्याला अख्खा दिवस लागतो.

दुबई अ‍ॅक्वेरियमचा सगळ्यात देखणा भाग फुकट आहे. मॉलमध्ये हिंडताना समोर एकदम ३२.८८ मीटर रुंद आणि ८.३ मीटर उंच पारदर्शक भिंत येते. ती काच नव्हे, ७५ सेंटीमीटर जाडीचं अ‍ॅक्रिलिक, आणि पलीकडे १ कोटी लिटर पाणी. सँड टायगर शार्क नाकासमोरून संथ जातो. तोंड मिटलेलं असलं तरी दात बाहेरच. एखादी पाकट (चपटा मासा) पोट भिंतीला लावून वर सरकली की हसरा चेहरा दिसतो आणि पोरं खिदळतात. ते ‘डोळे’ म्हणजे नाकपुड्या. खरे डोळे पाठीकडे असतात.

तिकीट लागतं ते ४८ मीटरच्या बोगद्याला आणि वरच्या मजल्यावरच्या ‘अंडरवॉटर झू’ या प्राणिसंग्रहालयाला. डोक्यावरून शार्क जाताना मजा येते, पण बोगद्याच्या गोलाईमुळे मासे आहेत त्यापेक्षा लहान दिसतात. झू ठीकठाक. आधी खाली अर्धा तास उभे राहा, मुलं हलायलाच तयार नसतील तर काढा तिकीट.

सीवर्ल्ड मे २०२३ मध्ये सुरू झालं. सगळं छपराखाली, वातानुकूलित. आपल्या शाळांची सुट्टी नेमकी तिथल्या भाजणाऱ्या उन्हात येते, त्यामुळे ही सोय फार मोठी. ‘एंडलेस ओशन’ या विभागाची टाकी २.५ कोटी लिटरची, म्हणजे मॉलमधल्या टाकीच्या अडीचपट, आणि तिची एक खिडकी २० मीटर उंच. शिवाय पेंग्विन, वॉलरस, सी लायन आणि मांटा नावाचा रोलर कोस्टर. थंड प्रदेशांच्या विभागांत गारठा असतो, बॅगेत एक स्वेटर टाका. चालणं मात्र भरपूर. आई-बाबांचे गुडघे कुरकुरत असतील तर मॉलच बरा.

एक गोष्ट तिकीट काढण्याआधीच घरात बोलून घ्या. सीवर्ल्डमध्ये डॉल्फिनचे कार्यक्रम होतात. इथे ऑर्का (किलर व्हेल) ठेवलेले नाहीत, पण डॉल्फिन बंदिस्तच आहेत. भारताने २०१३ मध्येच डॉल्फिनेरियमला परवानगी नाकारली. मला ते टाळ्यांचे खेळ बघवत नाहीत. हर्णै किंवा मालवणच्या समुद्रात होडीतून दिसलेली डॉल्फिनची एक पाठ मला पुरते. तुम्हाला तसं वाटत नसेल तर प्रश्नच नाही, आणि वाटत असेल तर कार्यक्रम वगळूनही तिथला दिवस भरतो.

माझा कौल: दुबईत मुक्काम तीन-चारच दिवसांचा असेल, किंवा मूल अजून कडेवर असेल, तर मॉलमधली फुकटची भिंत पुरे. मुलं सहा-सात वर्षांपुढची असतील आणि हाताशी एक मोकळा दिवस असेल तर बेलाशक सीवर्ल्ड. दुबईहून गाडीने जायला तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून सकाळी दार उघडायच्या सुमाराला पोहोचा. आणि सहल कंपनीवाले ‘त्याच दिवशी फेरारी वर्ल्डपण करू’ (तेही यास बेटावरचंच थीम पार्क) म्हणाले तर सरळ नाही म्हणा. त्यात दोन्ही अर्धवट होतात.