वाटायला की वाढायला?

मशीद बंदरच्या घाऊक गल्लीतलं सुक्यामेव्याचं छोटं दुकान. ठाण्याहून तिथवर जाणं मला परवडतं, कारण काजूचे सगळे ग्रेड वेगवेगळे मांडलेले असतात. डब्ल्यू १८० म्हणजे पौंडात साधारण १८० नग, टपोरा नि महाग. डब्ल्यू ३२० मध्यम. मी दोन्हींकडे नुसती बघते आणि पाकळी घेते. तुकडा त्याहून स्वस्त. कतली असो नाहीतर पनीरची ग्रेव्ही, शेवटी काजू मिक्सरमध्येच जायचा ना! मालक स्वतःच विचारतात, "ताई, वाटायला की वाढायला?" महागडा माल गळ्यात न मारणारा दुकानदार विरळाच. (ग्रेव्हीत मी निम्मं डाळं घालते. सासूबाईंना अजून कळलेलं नाही.)

खारीक अख्खी घ्या, बिया घरी काढा. पावडरीचे जास्त पैसे कशाला?

बदामाचं मात्र पटलं नाही. २२ सप्टेंबर २०२५पासून त्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, पण भाव विचारला की "माल जुना आहे" हेच उत्तर. चव घेऊन बघा, मगच तोलायला सांगा. ते नाही म्हणत नाहीत.

सकाळीच जा, दुपारी हातगाड्यांतून वाट मिळत नाही. पिशवी घरून न्या.